आपल्या संघातले कोणते खेळाडू ऑल-स्टारच्या योग्यतेचे, हे कसे ठरवावे

जुलै २०२३ मध्ये सिअॅटलला मेजर लीग बेसबॉलचा ऑल-स्टार सामना, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधला सामना, झाला, तेव्हा नॅशनल लीगच्या चमूसाठी अटलांटा ब्रेव्हज या एकाच संघाचे आठ खेळाडू निवडले गेले होते: रोनाल्ड अकुन्या ज्युनियर, शॉन मर्फी, ऑर्लँडो आर्सिया, मॅट ओल्सन, ऑझी अल्बीज, ऑस्टिन रायली आणि स्पेन्सर स्ट्रायडर व ब्राइस एल्डर हे दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. हंगामाच्या मध्यंतरापर्यंत ब्रेव्हजनी ८९ पैकी ६० सामने जिंकले होते, त्यामुळे त्यांची इतकी नावे यादीत येणे अनेकांना स्वाभाविक वाटले. परंतु संघ बलाढ्य असणे ही एक गोष्ट झाली आणि त्या संघातला अमुक खेळाडू आपल्या जागेवर लीगमधल्या पहिल्या दोघा-तिघांत बसणे ही वेगळी. ऑल-स्टारसाठी दुसरी गोष्ट सिद्ध व्हावी लागते. आपल्या संघाचे सामने आपण रोज पाहतो, लीगमधल्या बाकीच्या चौदा संघांचे पाहत नाही, आणि निवडीतल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते. या लेखात २०२३ चे ब्रेव्हज समोर ठेवून निवडीची पद्धत टप्प्याटप्प्याने मांडली आहे; ती कोणत्याही संघाला लावता येईल.

पहिला टप्पा: जागा किती आहेत ते मोजा

नाव सुचवण्याआधी जागांचा हिशेब पक्का हवा. प्रत्येक लीगच्या चमूत ३२ खेळाडू असतात, त्यांपैकी २० फलंदाज-क्षेत्ररक्षक आणि १२ पिचर. डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे केवळ फलंदाजी करणारा खेळाडू, धरून सुरुवातीचे नऊ जण चाहत्यांच्या मतांनी ठरतात. हे मतदान दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ज्याला लीगमध्ये सर्वाधिक मते मिळतात त्याची जागा थेट पक्की होते आणि बाकी जागांसाठी आघाडीच्या उमेदवारांत दुसरी फेरी होते. २०२३ मध्ये अकुन्याला तीस लाखांहून अधिक मते मिळाली आणि तो पहिल्याच फेरीत निवडला गेला. पुढचे १७ जण खेळाडू स्वतः मत देऊन ठरवतात: प्रत्येक जागेचा एक राखीव खेळाडू, पाच सुरुवातीचे पिचर आणि तीन रिलीफ पिचर, म्हणजे सामन्यात नंतर चेंडू टाकायला येणारे. उरलेले सहा, म्हणजे चार पिचर आणि दोन फलंदाज, आयुक्तांचे कार्यालय निवडते.

चाहत्यांच्या मतपत्रिकेवर पिचर नसतात. त्यामुळे आपल्या पिचरसाठी प्रचार करून काही साधत नाही. त्याची योग्यता प्रतिस्पर्धी खेळाडूंना आणि आयुक्तांच्या कार्यालयाला पटावी लागते.

आणखी एका नियमाचा परिणाम बराच मोठा असतो: प्रत्येक संघाचा किमान एक प्रतिनिधी चमूत असलाच पाहिजे. दुबळ्या संघाचा एकुलता प्रतिनिधी पुष्कळदा बलाढ्य संघाच्या चौथ्या-पाचव्या नावाची जागा घेतो, आणि ते चूक आहे असे मला वाटत नाही. २०२३ मध्ये कोलोरॅडो रॉकीजचा एकमेव प्रतिनिधी कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) एलियास डियास होता. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये त्यानेच अमेरिकन लीगच्या फेलिक्स बाउतिस्ताच्या चेंडूवर दोन धावांचा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका) मारला. नॅशनल लीग ३-२ ने जिंकली आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. नॅशनल लीगचा २०१२ नंतरचा तो पहिला विजय होता.

दुसरा टप्पा: तुलना संघाबाहेर करा

एका कागदावर आपल्या संघाच्या खेळाडूचे नाव लिहा आणि त्याखाली त्याच लीगमध्ये त्याच जागेवर नियमित खेळणाऱ्या बाकी चौदा जणांची नावे मांडा. या पंधरांतून साधारणपणे दोन, फार तर तीन जण जाणार असतात. आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागात, जागा अधिक असतात, पण उमेदवारही त्याच प्रमाणात अधिक असतात. 'आमच्या संघात याच्याइतके होमरन कोणाचेच नाहीत' हा युक्तिवाद या कागदावर टिकत नाही.

ओल्सनचे उदाहरण घ्या. मध्यंतरापर्यंत त्याचे २९ होमरन झाले होते आणि ब्रेव्हजच्या चाहत्यांना तो सुरुवातीच्या नऊ जणांत हवा होता. पहिल्या बेसवर (धाव पुरी करताना फलंदाजाला गाठाव्या लागणाऱ्या थांब्यांपैकी पहिल्यावर) मात्र लॉस एंजेलिस डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन उभा होता. २०२१ पर्यंत तो ब्रेव्हजचाच होता आणि त्याच्याच जागी ओल्सन आला होता. फ्रीमनचे होमरन कमी होते, पण बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण ओल्सनपेक्षा वरचढ होते. चाहत्यांनी फ्रीमनला पहिली पसंती दिली आणि ओल्सन राखीव म्हणून आला. दोघेही योग्यतेचे होते; प्रश्न फक्त क्रमाचा होता. दुसऱ्या बेसवर हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसली. मायामीच्या लुईस अराएझची सरासरी मध्यंतराला ०.३८३ होती. अल्बीजने वर्षअखेर ३३ होमरन मारले आणि अराएझने जेमतेम १०, तरीही जुलैतला निर्णय अराएझच्या बाजूनेच जायला हवा होता आणि तसाच गेला.

तिसरा टप्पा: फलंदाजाची कामगिरी वाचणे

बेसबॉलमध्ये फलंदाजाचे मुख्य काम बाद न होणे हे आहे. संघाला मिळणारे २७ बाद हेच त्याचे भांडवल असते. म्हणून सरासरीच्या आधी बेसवर पोहोचण्याचे प्रमाण पाहावे. अकुन्याचे २०२३ चे पूर्ण वर्ष घेऊन हे आकडे स्वतः काढून पाहा. तो ७३५ वेळा फलंदाजीला आला, त्यांतल्या ६४३ खेपा अधिकृत 'अॅट-बॅट' म्हणून मोजल्या गेल्या. त्याने २१७ हिट मारले, म्हणजे चेंडू टोलवून इतक्या वेळा तो सुरक्षित बेसवर पोहोचला, ८० वेळा चार खराब चेंडूंमुळे त्याला वॉक मिळाला आणि ९ वेळा चेंडू अंगावर लागून तो बेसवर गेला. २१७ ला ६४३ ने भागले की सरासरी ०.३३७ येते. २१७, ८० आणि ९ यांची बेरीज ३०६. तिला ७३५ ने भागले की बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ०.४१६. त्याच्या सर्व हिटचे मिळून (एका हिटवर एक ते चार बेस) ३८३ बेस झाले. त्यांना ६४३ ने भागले की स्लगिंग ०.५९६. शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे ओपीएस, १.०१२. ओपीएस ०.८०० च्या वर असला तर फलंदाज चांगला, ०.९०० च्या वर असला तर ऑल-स्टारच्या चर्चेत, असा ढोबळ अंदाज धरायला हरकत नाही.

ढोबळ अशासाठी की मैदाने सारखी नसतात. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू दूर जातो आणि पिचरच्या हातून कमी वळतो. तिथल्या फलंदाजाचा ओपीएस आणि सिअॅटलच्या फलंदाजाचा ओपीएस शेजारी मांडून थेट निर्णय देता येत नाही. ही अडचण डब्ल्यूआरसी-प्लस किंवा ओपीएस-प्लस हे आकडे दूर करतात. त्यांत मैदान आणि त्या वर्षाचे लीगचे मान हिशेबात धरलेले असते, १०० म्हणजे लीगची सरासरी, आणि १४० म्हणजे सरासरीहून ४० टक्के सरस. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या संकेतस्थळांवर हे आकडे विनामूल्य पाहायला मिळतात. दर्जेदार डब्ल्यूआरसी-प्लस असूनही सामने कमी खेळलेल्या खेळाडूबाबत सावध राहावे. संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ वेळा फलंदाजी, हा फलंदाजीच्या विजेतेपदाचा पात्रता निकष इथेही उपयोगी पडतो. ९० सामन्यांनंतर तो सुमारे २७९ होतो.

आरबीआय, म्हणजे फलंदाजाने घडवून आणलेल्या धावा, हा आकडा पुष्कळांना प्रिय असतो. ओल्सनचे त्या वर्षी १३९ आरबीआय झाले. ते त्याच्या मनगटातल्या जोराचे फळ खरेच, पण त्याच्यापुढे फलंदाजीला येणारा अकुन्या दहापैकी चार वेळा बेसवर असे आणि त्याने ७३ वेळा पुढचा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून गाठला, हाही त्यातला मोठा वाटा आहे. म्हणून आरबीआय शेवटी पाहावेत, आधी पाहू नयेत.

चौथा टप्पा: तो कोणत्या जागेवर उभा राहतो

कॅचर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि सेंटर फिल्डर (आउटफिल्डच्या मध्यावरचा) यांचे काम कठीण असते; पहिल्या बेसवर ते त्या मानाने सोपे आणि डेझिग्नेटेड हिटरला क्षेत्ररक्षण मुळीच नसते. म्हणून ०.८५० ओपीएसचा कॅचर हा ०.८५० ओपीएसच्या पहिल्या बेसमनपेक्षा संघाला कितीतरी अधिक मोलाचा ठरतो. मर्फीची निवड या कसोटीवर उजळते. ओकलंडकडून खेळताना २०२१ मध्ये क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवलेला हा कॅचर २०२३ मध्ये पहिल्या सहामाहीत फलंदाज म्हणूनही जोरात होता. दुसऱ्या फेरीत त्याची लढत डॉजर्सच्या विल स्मिथशी झाली आणि ती अटीतटीची असणे योग्यच होते. वर्षाच्या उत्तरार्धात मर्फीची फलंदाजी पार ढासळली. त्याच्या २१ होमरनपैकी बहुतेक मध्यंतराच्या आधीचे आहेत. म्हणून जुलैतली निवड चुकली असे म्हणता येणार नाही, कारण निवड करणाऱ्याच्या हाती जुलैपर्यंतचीच कामगिरी असते.

क्षेत्ररक्षणासाठी बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावरचा 'आउट्स अबव्ह अॅव्हरेज' (सरासरी क्षेत्ररक्षकापेक्षा किती जास्त बाद मिळवले) हा आकडा पाहावा. मात्र अर्ध्या हंगामाच्या क्षेत्ररक्षणाचे आकडे बरेच हेलकावे खातात, म्हणून मागच्या दोन वर्षांचे आकडेही सोबत ठेवावेत. फलंदाजी, क्षेत्ररक्षण, बेसवरची धाव आणि जागेचे काठिण्य एकत्र करून 'वॉर' हा एकच आकडा काढला जातो; सामान्य बदली खेळाडूच्या तुलनेत या खेळाडूने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, हे तो सांगतो. बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स यांचे वॉर वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले असते. दोन खेळाडूंतला फरक अर्ध्या विजयापेक्षा कमी असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पाचवा टप्पा: पिचर

इथे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त गफलत पिचरांच्या निवडीत होते. जय-पराजयाची नोंद बाजूला ठेवावी. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव होते, ईआरए मात्र १.७०, आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. फलंदाज धावा करत नसतील तर पिचर काय करणार?

ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, हा अधिक प्रामाणिक आकडा आहे. तरी तोही एकट्याचा नसतो, कारण त्यात मागे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा भाग असतो. ब्रेव्हजच्या दोन पिचरांकडे पाहा. मध्यंतराला एल्डरचा ईआरए तीनच्या खाली होता आणि स्ट्रायडरचा साडेतीनच्या आसपास. केवळ ईआरए पाहणारा एल्डरला वर ठेवील. पण चेंडू बॅटला लागूच न देण्याची ताकद स्ट्रायडरकडे होती. वर्षअखेरचे आकडे घ्या: स्ट्रायडरने १८६ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगमध्ये २८१ स्ट्राइकआउट केले, म्हणजे इतके फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले, एल्डरने १७४ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगमध्ये १२८. एफआयपी हा आकडा फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टी मोजतो: होमरनला १३ ने गुणतात, वॉक आणि अंगावर लागलेल्या चेंडूंना ३ ने, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करून इनिंगने भागतात आणि तीनच्या आसपासचा एक स्थिरांक मिळवतात. यातला केवळ स्ट्राइकआउटचा भाग काढला तर स्ट्रायडरला ३.०१ ची वजावट मिळते आणि एल्डरला १.४७ ची. म्हणजे एकाच गुणामुळे दर नऊ इनिंगमागे दीड धावेचा फरक पडतो. हंगाम संपला तेव्हा एल्डरचा ईआरए ३.८१ वर आला होता आणि स्ट्रायडरचा ३.८६ होता; एल्डरची जुलैतली आघाडी जवळजवळ पुसली गेली होती.

मग एल्डरला निवडायला नको होते का? माझ्या मते निवडायलाच हवे होते. ऑल-स्टार म्हणजे पुढच्या महिन्यांचे भाकीत नव्हे. झालेल्या कामगिरीचा तो मान आहे, आणि एल्डरने त्या तीन महिन्यांत प्रतिस्पर्ध्यांना धावा खरोखरच दिल्या नव्हत्या. एफआयपीचा उपयोग बरोबरीच्या दोन नावांत क्रम लावण्यासाठी करावा आणि एखाद्याचा ईआरए कितपत टिकेल हे समजण्यासाठी करावा. झालेली कामगिरी पुसण्यासाठी करू नये. ब्रेव्हजच्या यादीत स्ट्रायडर आधी आणि एल्डर नंतर, हा क्रम मात्र मी बदलणार नाही.

रिलीफ पिचरांबाबत थोडक्यात सांगायचे तर 'सेव्ह' (थोडक्या आघाडीवरचा सामना राखून संपवल्याची नोंद) मोजू नयेत. किती फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, किती जणांना वॉक दिला आणि सामना अडलेला असताना चेंडू त्यांच्याच हाती होता का, एवढे पाहिले की पुरे.

सहावा टप्पा: कालावधी किती धरायचा

हंगामाच्या आरंभापासून मध्यंतरापर्यंतचा संपूर्ण काळ सारख्याच वजनाने धरावा, असे माझे ठाम मत आहे. जूनमधल्या गरम बॅटने एप्रिल झाकला जातो आणि चाहते ताज्या आठवणीवर मत देतात. ब्रेव्हजच्या मार्सेल ओझूनाची एप्रिलमधली सरासरी ०.०८५ होती, मे महिन्यापासून तो असा सावरला की वर्षअखेर त्याच्या नावावर ४० होमरन आणि १०० आरबीआय होते. जुलैत मात्र त्याचा एप्रिल हिशेबात होताच, आणि डेझिग्नेटेड हिटरच्या जागेवर डॉजर्सचा जे. डी. मार्टिनेझ आणि मायामीचा होर्हे सोलेर त्याच्या पुढे होते. त्याला वगळणे कठोर वाटले तरी योग्य होते.

याच्या उलट प्रश्न नवख्यांचा. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने २०२४ मध्ये केवळ ११ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून चेंडू टाकला होता, पण त्याचा ईआरए १.९० होता आणि त्याने ऑल-स्टार सामन्याचीही सुरुवात केली. २०२५ मध्ये मिल्वॉकीच्या जेकब मिझिओरोव्स्कीला बदली म्हणून घेतले, तेव्हा तो मेजर लीगमध्ये अवघे पाच सामने खेळला होता आणि इतर संघांच्या खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली. माझा निकष असा की सुरुवातीच्या पिचरने किमान दहा सामने खेळलेले असावेत. स्कीन्स त्यात बसतो, मिझिओरोव्स्की बसत नाही. तीन महिने न थकता चेंडू टाकणाऱ्याची जागा पाच सामन्यांच्या चमकेला देणे हा त्या दुसऱ्या पिचरवर अन्याय आहे.

सातवा टप्पा: स्वतःच्या झुकत्या मापाची तपासणी

१९३३ मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्कवर पहिला ऑल-स्टार सामना झाला, आणि निवडीवरचा वाद त्यानंतर फार काळ दूर राहिला नाही. १९५७ मध्ये सिन्सिनाटीच्या चाहत्यांनी इतकी मते टाकली की नॅशनल लीगच्या सुरुवातीच्या आठांत सात जण त्यांचेच आले. एकटा स्टॅन म्युझिअल बाहेरचा. आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी गस बेल आणि वॉली पोस्ट यांना काढून विली मेज आणि हँक अॅरन यांना घेतले, आणि चाहत्यांचा मताधिकार गेला तो १९७० मध्येच परत आला. २०१५ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सचे आठ जण एका टप्प्यावर आघाडीवर होते. फलंदाजीत अगदी चाचपडत असलेला त्यांचा दुसऱ्या बेसवरचा ओमार इन्फान्तेही त्यांत होता. लीगने सहा कोटींहून अधिक मते अवैध ठरवून रद्द केली आणि अखेर रॉयल्सचे चौघे सुरुवातीच्या चमूत निवडून आले.

हे टाळण्याचा एक साधा उपाय आहे. खेळाडूचे आणि संघाचे नाव झाकून फक्त आकडे कागदावर घ्या, आणि त्या खेळाशी देणेघेणे नसलेल्या कोणाला तरी क्रम लावायला सांगा. अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रीमाँटच्या मराठी घरांत दोन वेगवेगळ्या संघांचे समर्थक एकाच सोफ्यावर असतात, तिथे हा प्रयोग विशेष सोपा आहे. नाव झाकल्यावर जो खेळाडू तीन-चार पायऱ्या खाली घसरतो, त्याच्यावर आपले माप झुकलेले होते असे समजावे.

आठवा टप्पा: अंतिम क्रम आणि बदली

आता ब्रेव्हजची यादी लावू. अकुन्याबाबत चर्चेला जागाच नाही: मध्यंतरापूर्वीच २१ होमरन आणि ४१ चोरलेले बेस. ओल्सन, स्ट्रायडर आणि मर्फी हेही निर्विवाद. त्यानंतर अल्बीज, आणि पाठोपाठ एल्डर. रायलीच्या बाबतीत तिसऱ्या बेसवर त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये कोणीच फार पुढे नव्हते, म्हणून त्याचे नाव स्वीकारता येते, पण दुसऱ्या एखाद्या वर्षी ते मागे पडले असते. आर्सियावर मात्र मी मत दिले नसते. त्याची सरासरी तेव्हा ०.३०० च्या आसपास होती हे खरे, परंतु मनगटाच्या दुखापतीमुळे त्याचे सुमारे तीन आठवडे बुडाले होते, होमरन मोजके होते आणि आधीच्या कारकिर्दीत एवढी सरासरी त्याने कधी राखली नव्हती. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोर होता. त्याची सरासरी कमी असूनही होमरन, बेस चोरणे आणि शॉर्टस्टॉपवरचे क्षेत्ररक्षण मिळून तो सरस होता. सरासरी हा एकच आकडा पाहिला की असे होते. लिंडोर राखीव म्हणूनही निवडला गेला नाही आणि त्याने वर्षअखेर ३१ होमरन मारून ३१ बेस चोरले.

यादी जाहीर झाली म्हणजे काम संपले असे नाही. दुखापती होतात, आणि सामन्याआधीच्या रविवारी सुरुवात केलेल्या पिचरला चमूतून सूट घेता येते. त्यांच्या जागी नवी नावे येतात. २०२३ मध्ये शॉर्टस्टॉप डॅन्स्बी स्वॉन्सन टाचेच्या दुखापतीमुळे बाहेर पडला आणि त्याच्या जागी अॅरिझोनाचा हेराल्डो पेर्डोमो आला. म्हणून प्रत्येक जागेसाठी आपल्या कागदावर वगळलेल्या नावांपैकी पहिले नाव खोडू नका, त्याच्यापुढे 'बदली' असे लिहून ठेवा. एखादी जागा रिकामी झाल्याची बातमी येईल तेव्हा आधी ती कोणत्या जागेची आहे हे पाहा, आणि पिचरच्या जागी शक्यतो पिचरच घेतला जातो हे लक्षात घेऊनच आपल्या संघाचे पुढचे नाव सुचवा.